'हॅव' हे इंग्रजी क्रियापद कसे वापरावे: नव्याने इंग्रजी बोलू-लिहू लागलेल्यांसाठी

ऐरोली, महापे, घणसोलीकडील आयटी कंपन्यांत, वाशी-बेलापूरच्या बँकांत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील ऑफिसांत नोकरीसाठी जाणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना इंग्रजी अजिबात येत नाही असे क्वचितच असते. शब्द पुष्कळ माहीत असतात, काळांची कोष्टके शाळेत पाठ केलेली असतात. तरीही मुलाखतीत स्वतःविषयी चार वाक्ये बोलताना जीभ अडते. ती जिथे अडते त्या जागा तपासल्या तर त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी एकच क्रियापद सापडते, आणि ते म्हणजे 'हॅव'. म्हणून इंग्रजीची उजळणी नव्याने सुरू करणाऱ्याने अवघड शब्दांच्या याद्या बाजूला ठेवून आधी या एका क्रियापदावर पंधरा दिवस घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचणीचे मूळ आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मालकी सांगण्यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद नाही. आपण सगळे काम 'असणे' या क्रियापदावर भागवतो आणि मालकाला प्रत्यय लावून बाजूला उभे करतो. 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला एक बहीण आहे', 'माझे कळव्याला घर आहे', 'आमच्या इमारतीला लिफ्ट आहे' ही चारही वाक्ये पाहा. यांत कर्ता गाडी, बहीण, घर आणि लिफ्ट आहे. 'मी' कुठेही कर्ता नाही. संस्कृतातही अशीच रचना होती आणि हिंदीतही ती आहे. इंग्रजीत मात्र मालक थेट कर्त्याच्या जागी येऊन बसतो आणि वस्तू कर्म होते. हा एक बदल मनात पक्का झाला की 'हॅव'चे निम्मे काम झाले.

पहिली पायरी: मालकाला पुढे आणा

मराठी वाक्य मनात आले की त्यातील '-कडे', '-ला', '-जवळ', '-चा' हे प्रत्यय ज्याला लागले आहेत त्याला शोधावे, प्रत्यय काढून टाकावा, त्याला वाक्याच्या सुरुवातीला ठेवावे आणि मग 'हॅव' किंवा 'हॅज' म्हणावे. 'माझ्याकडे गाडी आहे' याचे 'आय हॅव अ कार' होते, 'मला एक बहीण आहे' याचे 'आय हॅव अ सिस्टर' होते आणि 'आमच्या इमारतीला लिफ्ट आहे' याचे 'आवर बिल्डिंग हॅज अ लिफ्ट' होते. मराठीतील वेगवेगळे प्रत्यय इंग्रजीत एकाच साच्यात उतरतात, त्यामुळे उलट दिशेने शिकणाऱ्या इंग्रजी माणसाला जे कष्ट पडतील त्याच्या मानाने आपले काम सोपे आहे. 'तुमची फाईल माझ्याकडे आहे' हे सांगताना आपल्याकडे 'युअर फाइल इज विथ मी' असे सर्रास म्हटले जाते; ते समजते, पण 'आय हॅव युअर फाइल' हे अधिक सरळ आणि अधिक रुळलेले इंग्रजी आहे.

'-ला' प्रत्यय दिसला की दर वेळी 'हॅव' येतो असे मात्र धरून चालू नये. 'मला ताप आहे' याचे 'आय हॅव अ फीवर' होते, पण 'मला भूक लागली आहे' याचे 'आय ॲम हंग्री' होते, आणि 'मला राग आला आहे' याचेही 'आय ॲम अँग्री'च होते. इंग्रजी आजारांना आणि दुखण्यांना वस्तूसारखे वागवते, म्हणजे ताप, खोकला, डोकेदुखी या गोष्टी माणसाकडे 'असतात'. भूक, तहान, राग, झोप येणे या अवस्था मात्र ती विशेषणांनी सांगते. याचा सर्वांत लक्षात राहणारा नमुना थंडीचा आहे. 'आय ॲम कोल्ड' म्हणजे मला थंडी वाजते आहे, आणि 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे मला सर्दी झाली आहे. एसी फार थंड झाल्याची तक्रार करताना दुसरे वाक्य बोलले, तर समोरचा माणूस एसी कमी करण्याऐवजी औषध घेतले का म्हणून विचारेल.

दुसरी पायरी: 'हॅव' की 'हॅज'

नियम शाळेत सर्वांनी शिकलेला आहे: तो, ती, ते आणि कोणतेही एकवचनी नाम असेल तर वर्तमानकाळात 'हॅज', बाकी सर्वत्र 'हॅव', आणि भूतकाळात सगळ्यांसाठी 'हॅड'. चुका होतात त्या दोनच ठिकाणी होतात, म्हणून बाकीची कोष्टके पुन्हा घोकण्याची गरज नाही.

पहिले ठिकाण आदरार्थी बहुवचनाचे आहे. आपण 'बाबांकडे स्कूटर आहे', 'सर आले आहेत', 'मॅडम निघाल्या आहेत' असे बोलतो, आणि मनातले हे अनेकवचन नकळत इंग्रजीत उतरून 'माय फादर हॅव अ स्कूटर' किंवा 'सर हॅव कम' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत आदर क्रियापदात दाखवला जात नाही. वडील कितीही आदरणीय असले तरी व्याकरणाला ते एकटेच आहेत, म्हणून 'माय फादर हॅज अ स्कूटर' आणि 'सर हॅज कम' हेच योग्य आहे. 'हॅज' म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही, हे नवख्याने स्वतःला निक्षून सांगावे लागते, कारण ही चूक अज्ञानातून होत नाही, चांगल्या संस्कारातून होते.

दुसरे ठिकाण प्रश्न आणि नकार यांचे आहे. 'डू', 'डझ' किंवा 'डिड' वाक्यात आले की काळाचा आणि वचनाचा सगळा भार तेच उचलतात, त्यामुळे मागे मूळ रूप 'हॅव' एवढेच उरते. 'तिच्याकडे पास आहे का?' याचे 'डझ शी हॅव अ पास?' होते, 'डझ शी हॅज' कधीही होत नाही. 'आमच्या सोसायटीत पार्किंग नव्हते' याचे 'आवर सोसायटी डिडन्ट हॅव पार्किंग' होते, 'डिडन्ट हॅड' होत नाही. ब्रिटिश वळणाचे इंग्रजी बोलणारे लोक 'हॅव यू गॉट अ पेन?' असेही विचारतात. त्याचा अर्थ 'डू यू हॅव अ पेन?' हाच असतो, आणि नवख्याने ऐकून समजून घेतले तरी पुरे, बोलताना 'डू यू हॅव'वरच थांबावे.

तिसरी पायरी: 'हॅविंग' कधी चालते

भारतभर आढळणारी आणि मुलाखत घेणाऱ्याच्या कानाला लगेच खटकणारी चूक म्हणजे 'आय ॲम हॅविंग अ कार', 'आय ॲम हॅविंग टू इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स'. 'हॅव'चा अर्थ मालकी, नाते, आजार किंवा गुण असा असेल, म्हणजेच ती एक स्थिती असेल, तेव्हा त्याला '-इंग' लागत नाही. दोन वर्षांचा अनुभव ही स्थिती आहे. तो आत्ता, या क्षणी चालू असलेला उद्योग नव्हे. म्हणून 'आय हॅव टू इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स'.

पण 'हॅव'ला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती नाम जोडून तयार होणाऱ्या कृतींची आहे. 'हॅव ब्रेकफास्ट' म्हणजे न्याहारी करणे, 'हॅव टी' म्हणजे चहा घेणे, 'हॅव अ बाथ' म्हणजे आंघोळ करणे, 'हॅव अ लुक' म्हणजे एकदा नजर टाकणे, 'हॅव अ मीटिंग' म्हणजे बैठक घेणे. येथे 'हॅव'चा अर्थ खाणे, पिणे, करणे किंवा घेणे असा आहे, आणि ही कामे चालू असू शकतात. म्हणून 'वी आर हॅविंग लंच' पूर्णपणे शुद्ध आहे. कसोटी साधी आहे: मराठीत 'आहे'ऐवजी 'करतो आहे', 'घेतो आहे', 'जेवतो आहे' असे म्हणता आले तर 'हॅविंग' चालते, केवळ 'आहे' म्हणता आले तर चालत नाही. 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला लहान बाळ आहे, आणि 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे तिला बाळ होणार आहे. ऑफिसात एखादीविषयी बोलताना या दोन वाक्यांची अदलाबदल झाली तर केवढी चुकीची बातमी पसरेल याचा विचार करावा.

'जेवलात का?' हा आपल्याकडचा रोजचा, आपुलकीचा प्रश्न आहे. त्याचे इंग्रजी 'हॅव यू हॅड लंच?' किंवा 'डिड यू हॅव लंच?' असे होते. 'डिड यू टेक युअर लंच?' असे बहुतेक इंग्रजीभाषक म्हणत नाहीत. चहा विचारताना 'विल यू हॅव टी?' म्हणावे.

चौथी पायरी: पूर्ण झालेल्या गोष्टी

येथे थोडे थांबून नीट पाहण्याची गरज आहे, कारण मराठी माणसाच्या सर्वाधिक चुका या भागात आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक चुकीमागे मराठीतील एखादी अगदी योग्य सवय आहे.

'मी फॉर्म भरला आहे' याचे 'आय हॅव फिल्ड द फॉर्म' होते, आणि येथपर्यंत दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. पण मराठीत आपण 'मी काल बिल भरले आहे' असेही बिनदिक्कत म्हणू शकतो. इंग्रजीत वाक्यात संपलेल्या वेळेचा उल्लेख आला की 'हॅव'ला जागा उरत नाही. 'आय हॅव पेड द बिल यस्टरडे' हे चूक आणि 'आय पेड द बिल यस्टरडे' हे बरोबर. काल, गेल्या आठवड्यात, दोन महिन्यांपूर्वी, २०१९ मध्ये असे काहीही आले की साधा भूतकाळ वापरावा. 'आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन २०१९' हे वाक्य मुलाखतींत इतके ऐकू येते की ते शुद्धच आहे असे वाटू लागते. ते 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' असे म्हणावे.

दुसरी सवय 'पासून' या शब्दाची आहे. 'मी पाच वर्षांपासून ऐरोलीत राहतो' असे आपण वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन ऐरोली सिन्स फाइव्ह इयर्स' असे वाक्य तयार होते, आणि त्यात दोन चुका असतात. मागे कधीतरी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट सांगताना इंग्रजी 'हॅव' वापरते. शिवाय 'पासून'साठी तिच्याकडे दोन शब्द आहेत, कालावधीसाठी 'फॉर' आणि सुरुवातीच्या बिंदूसाठी 'सिन्स'. म्हणून 'आय हॅव लिव्हड इन ऐरोली फॉर फाइव्ह इयर्स', किंवा सुरुवातीचे वर्ष सांगायचे असेल तर 'सिन्स २०२०'.

जेव्हा चालू असलेली गोष्ट स्वतःच 'असण्याची' असते तेव्हा 'हॅव हॅड' अशी जोडी येते आणि ती पाहून नवखा बिचकतो. बिचकण्याचे कारण नाही: पहिला 'हॅव' काळ सांगतो आणि दुसरा 'हॅड' मालकी सांगतो. आपल्याच शहरांची उदाहरणे घेऊ. पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, आणि रेल्वे आजही ठाण्यात आहे. म्हणून 'द फर्स्ट ट्रेन केम टू ठाणे इन १८५३', पण 'ठाणे हॅज हॅड अ रेल्वे सिन्स १८५३'. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून आहे आणि बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. त्यावरून 'नवी मुंबई हॅज हॅड अ मेट्रो सिन्स २०२३' हे वाक्य स्वतः जुळवून पाहावे आणि महानगरपालिकेसाठीही तसेच एक वाक्य करावे. दवाखान्यात तर ही रचना हमखास लागते: 'मला तीन दिवसांपासून ताप आहे' म्हणजे 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज'.

तिसरी सवय 'होतो'ची. 'काल मी वाशीला गेलो होतो' हे मराठीत अगदी नैसर्गिक आहे, पण त्यातल्या 'होतो'च्या जागी 'हॅड' बसवून 'यस्टरडे आय हॅड गॉन टू वाशी' म्हटले की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो, कारण इंग्रजीत 'हॅड गॉन' भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीच्या घटनेसाठी राखून ठेवलेले आहे. 'मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा पनवेल गाडी सुटली होती' येथे दोन घटना आहेत, म्हणून 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द पनवेल ट्रेन हॅड लेफ्ट'. एकच घटना असेल तर 'आय वेन्ट टू वाशी यस्टरडे' एवढेच पुरे.

'सर वाशीला गेले आहेत' आणि 'सर वाशीला जाऊन आले आहेत' हा भेदही फोनवर बोलणाऱ्याला उपयोगी पडतो. गेलेले माणूस अजून परत आले नसेल तर 'सर हॅज गॉन टू वाशी', आणि जाऊन परत आले असेल तर 'सर हॅज बीन टू वाशी'.

पाचवी पायरी: 'लागते' म्हणजे 'हॅव टू'

'मला ठाण्याला गाडी बदलावी लागते.' डोंबिवलीहून ऐरोलीला नोकरीला जाणाऱ्या कोणाचेही हे रोजचे वाक्य आहे. येथेही मराठीने माणसाला '-ला' लावून बाजूला केले आहे, आणि येथेही पहिल्या पायरीचाच उपाय लागू पडतो: माणसाला पुढे आणावे आणि 'आय हॅव टू चेंज ट्रेन्स ॲट ठाणे' म्हणावे. भूतकाळात 'लागले' म्हणजे 'हॅड टू', भविष्यकाळात 'लागेल' म्हणजे 'विल हॅव टू'. 'टू'नंतर क्रियापदाचे मूळ रूपच येते.

नकारात मात्र सावध राहावे. 'यू डोन्ट हॅव टू साइन हिअर' म्हणजे येथे सही करण्याची गरज नाही, केली तरी बिघडत नाही. 'यू मस्ट नॉट साइन हिअर' म्हणजे येथे सही करायची नाही, मनाई आहे. बँकेच्या किंवा नोकरीच्या कागदपत्रांवर हा फरक केवळ व्याकरणाचा राहत नाही.

'जायला हवे होते' यासाठी 'शुड हॅव गॉन' म्हणतात, आणि 'शुड', 'कुड', 'वुड', 'मस्ट' यांच्यानंतर कर्ता कोणीही असला तरी 'हॅव'च येतो; 'ही शुड हॅज गॉन' असे होत नाही. बोलताना हा 'हॅव' इतका बारीक होतो की 'शुडव' एवढेच ऐकू येते, आणि त्यामुळे जन्मापासून इंग्रजी बोलणारे काही लोकही लिहिताना तेथे 'ऑफ' लिहितात. आपण तो शब्द डोळ्यांनी वाचून शिकतो, त्यामुळे निदान या चुकीपासून आपण दूर राहतो. उच्चाराचीच आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे: 'हॅव टू' हे सहज बोलण्यात 'हॅफ टू' असे आणि 'हॅज टू' हे 'हॅस टू' असे ऐकू येते. फोनवर परदेशी ग्राहकाशी बोलायचे असेल तर हे कानाला आधीच माहीत असलेले बरे.

सहावी पायरी: करून घेणे

शेवटची रचना बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या मागच्या पानांत राहून जाते, पण शहरातल्या जगण्यात ती रोज लागते. 'मी केस कापले' असे आपण सलूनमधून आल्यावरही म्हणतो आणि कोणाचा गैरसमज होत नाही. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटले तर कात्री स्वतःच चालवली असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामासाठी 'हॅव', मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप असा क्रम ठेवतात: 'आय हॅड माय हेअर कट', 'वी हॅड द एसी रिपेअर्ड', 'आय ॲम हॅविंग माय फ्लॅट पेंटेड'. शेवटच्या वाक्यात 'हॅविंग' चालते, कारण ते काम चालू आहे.

क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. 'वी हॅड द एसी रिपेअर्ड' म्हणजे एसी दुरुस्त करून घेतला; 'वी हॅड रिपेअर्ड द एसी' म्हणजे एसी आम्हीच आधी दुरुस्त केला होता. या दोन रचनांचे नाते फार जुने आहे. प्राचीन इंग्रजीत 'माझ्याकडे पत्र लिहिलेले आहे' अशा अर्थाची मालकीची वाक्ये होती. त्यांतूनच पुढे 'मी पत्र लिहिले आहे' या अर्थाचा 'हॅव' तयार झाला. चौथ्या पायरीवरचा 'हॅव' आणि पहिल्या पायरीवरचा 'हॅव' हे वेगळे दोन शब्द नसून एकच आहेत, हे समजल्यावर माझ्या पाहण्यातल्या अनेक शिकणाऱ्यांची भीती कमी झालेली आहे.

व्यक्तीला काम सांगण्यासाठीही ही रचना वापरतात, फक्त तेथे तिसऱ्या रूपाऐवजी मूळ रूप येते. 'त्यांना मला फोन करायला सांगा' याचे 'प्लीज हॅव हिम कॉल मी' होते. ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवताना हे वाक्य फार सभ्य आणि नेमके वाटते.

सराव कसा करावा

सराव अनुवादाने सुरू करावा, पण छापील उताऱ्यांच्या अनुवादाने नव्हे. आपल्या घराविषयी आठ-दहा मराठी वाक्ये लिहावीत: घरात किती खोल्या आहेत, पाणी किती वाजता येते, कोणाला कोणते दुखणे आहे, सकाळी कोणाला किती वाजता निघावे लागते, या महिन्यात कोणते काम करून घेतले, किती वर्षांपासून येथे राहतो. या प्रत्येक वाक्यात वरची एखादी पायरी आहेच, अपवाद फक्त पाण्याच्या वाक्याचा; ते 'हॅव'शिवायही होते आणि 'वी हॅव वॉटर फ्रॉम सिक्स टू सेव्हन' असेही होते, दोन्ही करून पाहावे. वाक्ये इंग्रजीत झाली की प्रत्येकाचा प्रश्न आणि नकार करावा, कारण 'डझ शी हॅज' आणि 'डिडन्ट हॅड' या चुका तेथेच उघड्या पडतात. मग कागद बाजूला ठेवून तीच वाक्ये मोठ्याने म्हणावीत, आणि ज्या वाक्याशी जीभ थांबेल त्यावर खूण करून दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यापासून सुरुवात करावी.